सवलतीचा हिशेब आणि फोनचे आयुष्य

नव्या स्मार्टफोनची जाहिरात अलीकडे त्याची किंमत सांगत नाही. ती हप्ता सांगते. हडपसरच्या गाडीतळापासून मगरपट्टा आणि अमनोरापर्यंतच्या दुकानांत डोकावले, तर फलकांवर ठळक अक्षरांत दिसतो तो ‘दरमहा अमुक रुपये’ हा आकडा. पूर्ण किंमत त्याखाली, बारीक टाइपात. आणि तिच्याही खाली, त्याहून बारीक टाइपात, जुना फोन परत केल्यास मिळणारी रक्कम, ठरावीक बँकेच्या कार्डावरील सूट आणि ‘अटी लागू’ हे दोन शब्द. गिऱ्हाइकाने मोठे अक्षर वाचावे व बारीक अक्षर घरी गेल्यावर वाचावे, अशीच ही मांडणी असते.

हडपसरमध्ये या फलकापुढे उभे राहणारे लोक एका थरातले नाहीत. रयत शिक्षण संस्थेच्या साधना विद्यालयातील शिक्षक, अण्णासाहेब मगर महाविद्यालयातील विद्यार्थी, औद्योगिक वसाहतीतील कारखान्यांचे कारकून आणि मगरपट्ट्यातील संगणक अभियंते हे सारे एकाच काचेमागील एकच वस्तू पाहत असतात. त्यांच्या उत्पन्नात कितीतरी पटींचा फरक असेल. पण हप्त्याच्या आकड्याने तो फरक पुसला गेल्यासारखा भासतो. वस्तू सर्वांच्या आवाक्यात आली, असा समज निर्माण होतो. हा समज कितपत खरा आहे, याची तपासणी करणे प्रत्येक पगारदार कुटुंबाच्या हिताचे आहे.

किंमत कशाने मोजावी?

अॅपल कंपनीने सप्टेंबर २०२५ मध्ये आणलेले फोन या तपासणीसाठी सोयीचे आहेत. त्याच महिन्याच्या ४ तारखेला या कंपनीचे पुण्यातील पहिले स्वतःचे दुकान कोरेगाव पार्क येथे, म्हणजे हडपसरपासून काही किलोमीटरवर उघडले आणि १९ तारखेला आयफोन १७ ची विक्री सुरू झाली. त्या वेळी भारतात जाहीर झालेली किंमत साध्या आयफोन १७ साठी ८२,९०० रुपये आणि आयफोन १७ प्रो साठी १,३४,९०० रुपये अशी होती.

एवढी मोठी रक्कम नुसत्या आकड्याने मनात उतरत नाही. तिला परिचित माप लावावे लागते. महाराष्ट्र शासनाने २०२३ च्या आरंभापासून प्राथमिक शाळेतील शिक्षणसेवकाचे मानधन दरमहा १६,००० रुपये केले. त्या मापाने साधा आयफोन १७ म्हणजे पाच महिन्यांहून अधिक काळाचे संपूर्ण मानधन होय. दुसरे माप दूरध्वनी-सेवेचे. जुलै २०२४ च्या दरवाढीनंतर एअरटेलच्या, रोज दीड जीबी डेटा देणाऱ्या ८४ दिवसांच्या प्रीपेड योजनेचा दर ८५९ रुपये झाला. वर्षाचा हिशेब सुमारे ३,७३० रुपये होतो. म्हणजे एका फोनच्या किमतीत त्या दराने जवळजवळ २२ वर्षांची सेवा विकत घेता येईल. फोन कंपन्यांच्या दरवाढीवर चहाच्या टेबलावर तावातावाने चर्चा होते. परंतु घराच्या अंदाजपत्रकाला खरे खिंडार पडते ते सेवेच्या दराने नव्हे, यंत्राच्या किमतीने, ही गोष्ट या तुलनेत स्पष्ट होते.

‘अमेरिकेत हाच फोन स्वस्त मिळतो’ हे वाक्यही नेहमी ऐकू येते. हडपसर परिसरातील अनेक घरांतील मुले-मुली तिकडे नोकरीस असल्यामुळे ‘येताना एक घेऊन ये’ हा निरोपही ठरलेला. त्यातील तथ्य किती? साध्या आयफोन १७ ची अमेरिकेतील किंमत ७९९ डॉलर. सप्टेंबर २०२५ मधील सुमारे ८८ रुपये दराने ७०,३०० रुपये. या किमतीत तिथला विक्रीकर धरलेला नसतो. तो राज्यागणिक वेगळा लागतो. भारतातील ८२,९०० रुपयांत मात्र १८ टक्के जीएसटी समाविष्ट आहे. तो वजा केला, तर मूळ किंमत ७०,२५४ रुपये उरते. साध्या फोनच्या बाबतीत दोन्ही देशांतील मूळ किंमत जवळजवळ सारखीच आहे. प्रो फोनचे तसे नाही. त्याची अमेरिकेतील किंमत १,०९९ डॉलर, म्हणजे सुमारे ९६,७०० रुपये. भारतातील करविरहित किंमत मात्र १,१४,३०० रुपयांच्या घरात जाते. मोबाईलवरील जीएसटी १ एप्रिल २०२० पासून १२ वरून १८ टक्के झाला, हेही येथे ध्यानात ठेवले पाहिजे. गरजेची वस्तू ठरलेल्या यंत्रावर इतका कर असावा काय, हा प्रश्न रास्त आहे. पण तो वेगळा प्रश्न आहे.

गुणांची छाननी

किमतीनंतर गुण. आदल्या वर्षीचा साधा आयफोन १६ आरंभी ७९,९०० रुपयांना होता व त्यात १२८ जीबी साठवण होती. आयफोन १७ मध्ये ती २५६ जीबी झाली. पडद्यावरील चित्र सेकंदाला ६० ऐवजी १२० वेळा ताजे होऊ लागले. मागील बाजूस ४८ मेगापिक्सेलचे दोन कॅमेरे आले. तीन हजार रुपयांच्या वाढीत एवढे मिळाले, ही सुधारणा नाकारण्याचे कारण नाही. प्रो फोनमध्ये दूरचे दृश्य टिपणारा तिसरा कॅमेरा आणि अधिक वेगवान चिप आहे. त्यासाठी ५२,००० रुपये जास्त मोजावे लागतात.

परंतु गुण यंत्रात असणे वेगळे आणि ते वापरणाऱ्याच्या पदरात पडणे वेगळे. सर्वसाधारण कुटुंबात फोन कशासाठी वापरला जातो? बोलणे, व्हॉट्सॲप, यूपीआयने पैसे देणे, शाळेच्या व कचेरीच्या सूचना, रेल्वेचे आरक्षण, बातम्या, चित्रफिती आणि सणासुदीची छायाचित्रे. यूपीआयने दिलेले दहा रुपये ऐंशी हजारांच्या फोनवरून जितक्या वेगाने पोचतात, तितक्याच वेगाने दहा हजारांच्या फोनवरूनही पोचतात. ४८ मेगापिक्सेलचे छायाचित्र व्हॉट्सॲपवर नेहमीच्या रीतीने पाठविले, की ते आकुंचित होऊनच समोरच्याकडे जाते. ऑक्टोबर २०२२ मध्ये भारतात सुरू झालेली ५जी सेवा बारा-पंधरा हजारांच्या फोनवरही चालते. राहता राहिली कृत्रिम बुद्धिमत्ता, जिचा गाजावाजा सर्वांत मोठा आहे. आयफोन १७ बाजारात आला त्या वेळी कंपनीच्या या सुविधांसाठी आधार असलेल्या भाषांच्या यादीत मराठीचा समावेश नव्हता. घरात मराठी बोलणाऱ्या व शाळेत मराठी शिकविणाऱ्या ग्राहकाने ज्या गुणाची किंमत मोजायची, तो गुण त्याच्या भाषेत त्याच्याशी बोलतच नाही!

तथापि छाननी न्याय्य व्हायची तर उच्च श्रेणीच्या फोनची खरी जमेची बाजूही मांडली पाहिजे. ती आहे टिकाऊपणाची. बँकेचे व्यवहार ज्या फोनवर चालतात, त्याला सुरक्षेच्या सुधारणा वेळोवेळी मिळणे ही आता चैन राहिलेली नाही. कमी किमतीच्या अनेक फोनना त्या दोन-तीन वर्षांतच मिळेनाशा होतात. याउलट २०१९ मध्ये आलेल्या आयफोन ११ ला २०२५ सालची नवी संगणक-प्रणालीही मिळाली. गूगलने ऑक्टोबर २०२३ मधील पिक्सेल ८ पासून आणि सॅमसंगने जानेवारी २०२४ मधील गॅलॅक्सी एस२४ पासून सात वर्षांच्या सुधारणांचे आश्वासन दिले. बॅटरी झिजणे हा रसायनाचा धर्म आहे. पण आयफोन १५ पासूनच्या फोनमध्ये एक हजार वेळा पूर्ण चार्ज झाल्यावरही मूळ क्षमतेच्या ८० टक्के क्षमता राहावी, अशी रचना असल्याचे कंपनी सांगते. रोज एकदा चार्ज धरला, तर हा जवळजवळ तीन वर्षांचा काळ झाला. त्यानंतर बॅटरी बदलता येते व तिचा खर्च नव्या फोनच्या किमतीचा लहानसा अंश असतो.

म्हणजे महाग फोन घेण्याचे पटण्यासारखे कारण एकच उरते, आणि ते म्हणजे तो दीर्घकाळ वापरता येतो. हे सूत्र मनाशी धरून बदलीच्या सौद्यांकडे पाहिले, की त्यांचे खरे स्वरूप उघड होते.

यंत्र आणि सेवा

येथे थोडा इतिहास पाहणे अगत्याचे आहे. घरात काळा टेलिफोन असे, त्या काळात तो घरमालकाचा नसे. तारही सरकारी खात्याची, यंत्रही खात्याचे; ग्राहक भाडे भरी. जोडणीसाठी वर्षानुवर्षे प्रतीक्षायादीत नाव ठेवावे लागे. ३१ जुलै १९९५ रोजी पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री ज्योती बसू यांनी केंद्रीय दळणवळण मंत्री सुखराम यांच्याशी कोलकात्याहून मोबाईलवर संभाषण केले आणि देशात नवे पर्व सुरू झाले. त्या पर्वात एक मोठा बदल असा झाला, की यंत्र ग्राहकाच्या मालकीचे झाले आणि सेवा तेवढी कंपनीची राहिली. सिमकार्ड काढावे, दुसरे घालावे, कंपनी बदलावी. २० जानेवारी २०११ पासून तर क्रमांक कायम ठेवून कंपनी बदलण्याची मुभा सर्व देशभर मिळाली. मोबाईलचे दर भारतात खाली आले, त्यामागे कंपन्यांच्या औदार्यापेक्षा ग्राहकाच्या या मोकळेपणाचा वाटा मोठा आहे.

हा मोकळेपणा आवळण्याचे प्रयत्नही तेव्हापासूनच चालू आहेत. जुलै २००३ मध्ये रिलायन्स इन्फोकॉमने ‘मान्सून हंगामा’ योजनेत केवळ ५०१ रुपये आरंभी भरून मोबाईल हाती दिला. ती योजना गावोगाव गाजली, आणि ज्यांच्या हाती कधी फोन आला नसता अशा असंख्य लोकांच्या हाती तो तिने दिला, हे श्रेय तिला दिलेच पाहिजे. परंतु तो सीडीएमए तंत्राचा फोन त्या एकाच कंपनीच्या जाळ्यात चालणारा होता. सिमकार्ड बदलून तो दुसरीकडे नेता येत नव्हता. बाकीची रक्कम मासिक बिलातून वसूल व्हायची होती; अनेकांनी ती भरली नाही आणि थकबाकी साचली. स्वस्त फोनची किंमत कंपनीला थकबाकीने आणि ग्राहकाला बंधनाने मोजावी लागली.

२२ ऑगस्ट २००८ रोजी एअरटेल आणि व्होडाफोन यांनी आयफोन ३जी भारतात आणला, तेव्हा उलट अनुभव आला. अमेरिकेत १९९ डॉलरला, म्हणजे त्या वेळच्या दराने सुमारे साडेआठ हजार रुपयांना मिळणारा ८ जीबीचा फोन भारतात ३१,००० रुपयांना विकला जात आहे, हे पाहून ग्राहक चकित झाले. वस्तुतः तिथले १९९ डॉलर ही फोनची किंमत नव्हतीच. तो दोन वर्षांच्या सक्तीच्या कराराचा पहिला हप्ता होता. उरलेली रक्कम प्रत्येक महिन्याच्या बिलात लपविलेली होती. भारतातील ग्राहकाला पूर्ण किंमत एकदम दिसली, म्हणून ती डोळ्यांत खुपली, एवढाच फरक.

ऑक्टोबर २०१७ मध्ये एअरटेलने हाच अमेरिकी नमुना भारतात आणून पाहिला. आयफोन ७ (३२ जीबी) साठी आरंभी ७,७७७ रुपये आणि मग दरमहा २,४९९ रुपयांचे २४ हप्ते. त्यात दरमहा ३० जीबी डेटा, अमर्याद बोलणे आणि फोनचे संरक्षण समाविष्ट. बेरीज ६७,७५३ रुपये होते. त्या सुमारास या फोनची किंमत ४९,००० रुपये होती. म्हणजे वरचे १८,७५३ रुपये सेवा, संरक्षण आणि व्याज यांपोटी गेले. दरसाल १४ टक्के व्याज धरले, तर त्याची रक्कम सुमारे ६,३०० होते. उरले साडेबारा हजार. त्याच वर्षीच्या जुलैत जिओची ३९९ रुपयांत ८४ दिवस, रोज १ जीबी डेटा देणारी योजना चालू होती. त्या दराने दोन वर्षांची, जवळजवळ तितक्याच डेटाची सेवा साडेतीन हजार रुपयांत पडली असती. संरक्षणाचे मोल कितीही धरले, तरी मोकळा फोन आणि मोकळे सिमकार्ड घेणाऱ्या ग्राहकाचेच पारडे जड ठरते.

गरिबांसाठीच्या योजनांतही हेच सूत्र दिसते. २०१७ मध्ये जाहीर झालेला जिओफोन ‘फुकट’ म्हटला गेला. त्यासाठी १,५०० रुपयांची ठेव घेऊन ती तीन वर्षांनी परत द्यायची होती. पण अटींत वर्षाला किमान १,५०० रुपयांचे रिचार्ज बंधनकारक होते. फुकट या शब्दाचा अर्थ तीन वर्षांत ४,५०० रुपयांचा व्यवहार एकाच कंपनीशी करण्याची हमी, असा निघाला.

अमेरिकेतील रीत

अमेरिकेत ही पद्धती आजवर टिकून आहे. तिचे रूप तेवढे बदलले. २०१३ मध्ये टी-मोबाईल कंपनीने दोन वर्षांचे करार रद्द करून फोनची किंमत आणि सेवेचे बिल वेगळे दाखविण्यास प्रारंभ केला व इतरांनाही तो मार्ग धरावा लागला. किंमत उघड झाली. पण बंधन दुसऱ्या दाराने परत आले. आयफोन १७ च्या वेळी तेथील कंपन्यांनी जुन्या फोनच्या बदल्यात हजार डॉलरपर्यंतच्या सवलती जाहीर केल्या. ही सवलत हाती रोख मिळत नाही. व्हेरिझॉन आणि एटी अँड टी यांच्या पद्धतीत ती ३६ महिने दरमहा बिलातून थोडी थोडी वजा होते. ग्राहकाने मध्येच कंपनी सोडली, तर उरलेली वजावट बुडते व उरलेली किंमत अंगावर येते. शिवाय सर्वांत मोठ्या सवलतीसाठी महाग योजना घ्यावी लागते. तिकडे राहणाऱ्या मुलाने ‘फोन फुकटच मिळाला’ असे पुण्यास कळविले, तर त्याचा अर्थ ‘तीन वर्षे याच कंपनीकडे राहण्याचे कबूल केले’ असा घ्यावा.

भारतात दहांपैकी नऊ ग्राहक प्रीपेड आहेत. त्यांना बिलाच्या दोरीने बांधता येत नाही. म्हणून येथे कंपनीची जागा बँकेने, वित्तसंस्थेने आणि क्रेडिट कार्डाने घेतली. दोर बदलला, गाठ तीच.

शून्य टक्क्यांचे व्याज

‘नो कॉस्ट ईएमआय’ या शब्दांनी सुशिक्षित माणसेही भुलतात. रिझर्व्ह बँकेने १७ सप्टेंबर २०१३ च्या परिपत्रकात शून्य टक्के व्याजाच्या हप्तायोजनांवर कठोर शब्दांत आक्षेप घेतला होता. अशा योजनांत व्याज प्रोसेसिंग फीच्या रूपाने दडविले जाते, असे तिने दाखवून दिले. त्यानंतर रूढ झालेली पद्धत अशी, की व्याजाइतकी सूट विक्रेता वा उत्पादक आधीच देतो आणि बँक उरलेल्या रकमेवर रीतसर व्याज आकारते.

उदाहरणादाखल ८२,९०० रुपयांचा फोन १६ टक्के दराने सहा हप्त्यांत घेतला, असे धरावे. हप्ता १३,८१७ रुपये. बँकेच्या वहीत मुद्दल सुमारे ७९,१६० आणि व्याज सुमारे ३,७४० रुपये. व्याजाची भरपाई सुटीने झाली. पण त्या व्याजावरील १८ टक्के जीएसटी, सुमारे ६७० रुपये, ग्राहकच भरतो. वर प्रोसेसिंग फी आणि तिच्यावरील कर. म्हणजे ‘विनाखर्च’ सौद्याचा खर्च नऊशे रुपयांच्या आसपास जातो. रक्कम लहान आहे, हे खरे. मोठा धोका पुढे आहे. एक हप्ता चुकला, तर कार्डाचे नेहमीचे व्याज सुरू होते व ते अनेक कार्डांवर दरसाल ४० टक्क्यांच्या वर असते. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००८ मध्ये या व्याजावर ३० टक्क्यांची मर्यादा घातली होती. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२४ मध्ये तो निर्णय रद्द ठरविला. १ ऑक्टोबर २०२४ पासून किरकोळ कर्जदाराला एकूण खर्चाचा वार्षिक दर दाखविणारे विवरणपत्र देणे रिझर्व्ह बँकेने सक्तीचे केले. क्रेडिट कार्डावरील येणे रकमा मात्र त्या नियमातून वगळल्या आहेत. नेमक्या ज्या वाटेने बरेचसे फोन घेतले जातात, त्या वाटेवरचा दिवा लागलेला नाही.

ऋण काढून सण साजरा करू नये, ही शिकवण मराठी घरांत जुनी आहे. हप्त्याने तिची धार बोथट केली. कारण हप्ता ऋणासारखा दिसत नाही, तो पगारातील एक छोटीशी कपात वाटतो. पगार सुरू होण्यापूर्वीच कपात सुरू करणारा विद्यार्थी आणि कंत्राटी नोकरीवरचा तरुण यांच्या बाबतीत हा प्रश्न अधिक गंभीर आहे. पहिले कर्ज पुस्तकांसाठी, प्रशिक्षणासाठी वा संगणकासाठी काढले, तर ते उत्पन्न वाढविण्यास साहाय्य करू शकते. छायाचित्रण किंवा चित्रफितींच्या व्यवसायावर ज्याचे पोट आहे, त्याला उत्तम कॅमेऱ्याचा फोन हे अवजारच होय. त्याने तो अवश्य घ्यावा. इतरांच्या हाती मात्र तेच कर्ज चार महिन्यांच्या कौतुकासाठी घेतलेले ठरते.

आयुष्याची विक्री

आता मूळ सूत्राकडे वळू या. बदलीचा सौदा ग्राहकाला काय सांगतो? ‘दोन वर्षांनी हा फोन परत आणा, नव्यावर सूट देऊ.’ म्हणजे सात वर्षे टिकण्याजोगी वस्तू विकायची आणि ती दोन वर्षांत परत द्यायला लावायची. ज्या एका गुणासाठी महाग किंमत मोजली, तोच गुण सौद्याच्या पहिल्याच अटीत ग्राहक सोडून देतो.

हिशेब सोपा आहे. ८२,९०० रुपयांचा फोन सहा वर्षे वापरला, तर वर्षाला सुमारे १३,८०० रुपये पडतात. मधल्या काळातील बॅटरीचा खर्च वेगळा. तोच फोन दोन वर्षांनी समजा ४०,००० रुपयांना परत दिला, तर ४२,९०० रुपये दोन वर्षांत खर्ची पडले, म्हणजे वर्षाला २१,४५०. आणि २५,००० रुपयांचा चांगला मध्यम फोन चार वर्षे वापरला, तर वर्षाला ६,२५०. जुन्या फोनची किंमत चांगली आली म्हणून आनंद मानणारा ग्राहक वास्तविक सर्वांत महाग पर्याय निवडीत असतो. ज्याला तो परवडतो त्याच्या आनंदाआड येण्याचे कुणाला कारण नाही. पण त्याला ‘बचत’ हे नाव देऊ नये.

हा हिशेब हडपसरला नवा नाही. शहराची वाढ शेतांपर्यंत येऊन ठेपली, तेव्हा येथील सुमारे १२० शेतकरी कुटुंबांनी चारशेहून अधिक एकर जमीन बिल्डरांना विकून रोख रक्कम घेण्याचे टाळले. त्यांनी जमिनी एकत्र केल्या, जमिनीच्या प्रमाणात भाग घेतले आणि मगरपट्टा सिटी उभी केली. एकरकमी मोबदल्यापेक्षा दीर्घकाळ टिकणाऱ्या मालकीचे मोल अधिक, हे त्या कुटुंबांनी ओळखले. जमीन आणि फोन यांची तुलना अर्थातच ओढूनताणून करू नये. जमिनीचे मोल वाढते, फोनचे घटते. पण समोर नाचविलेल्या रकमेपेक्षा वस्तूचे आयुष्य पाहावे, हा विवेक दोन्हींकडे लागू पडतो. किंबहुना घटत्या मोलाच्या वस्तूला तो अधिकच लागू पडतो.

सरकारचेही कर्तव्य आहे. केंद्रीय ग्राहक व्यवहार खात्याने डिसेंबर २०२२ मध्ये ‘दुरुस्तीचा हक्क’ हे पोर्टल सुरू केले आणि मे २०२५ मध्ये मोबाईल व विद्युत उपकरणांच्या दुरुस्तीयोग्यतेचा निर्देशांक ठरविण्यासंबंधी समितीचा अहवाल खात्याला मिळाला. युरोपीय संघाने तर २० जून २०२५ पासून फोनचे सुटे भाग सात वर्षे उपलब्ध ठेवणे आणि विक्री थांबल्यापासून पाच वर्षे प्रणालीच्या सुधारणा देणे उत्पादकांना बंधनकारक केले. फोन किती वर्षे चालेल, त्याची बॅटरी कितीला बदलून मिळेल आणि सर्व हप्त्यांची बेरीज किती, ही तीन माहिती हप्त्याच्या आकड्याइतक्याच मोठ्या अक्षरांत छापण्याची सक्ती झाली, तर निम्मा गोंधळ दुकानाच्या दारातच संपेल.

तोवर ग्राहकाने स्वतःच दुकानदाराला चार प्रश्न विचारावेत. सर्व हप्ते, फी आणि कर धरून एकूण किती रुपये द्यावे लागतील? आज रोख दिले, तर किंमत किती कमी होईल? या फोनला सुरक्षेच्या सुधारणा कोणत्या सालापर्यंत मिळतील? आणि हातातला फोन बॅटरी बदलून आणखी दोन वर्षे चालणार नाही काय? पहिल्या तीन प्रश्नांची उत्तरे दुकानदाराने कागदावर लिहून द्यावीत. चौथ्याचे उत्तर त्याच्याकडून मिळण्याचा संभव कमी. ते गिऱ्हाइकाने घरी, शांतपणे, पगाराच्या पावतीशेजारी फोन ठेवून शोधावे.